मातीच्या गडामागचे आभाळ



दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस कंग्राळी बुद्रुक किंवा कंग्राळी खुर्द या बेळगावलगतच्या गावांतून फेरफटका मारला, तर अंगणाअंगणांत तांबड्या मातीचे ढीग दिसू लागतात. त्या ढिगांचे पुढे गड होतात. दगडांचा सांगाडा, त्यावर गोणपाट, त्यावर चिखलाचा लेप, मग तट, बुरूज, दरवाजा, आणि उतारावर पेरलेले अळीव. दिवाळी सरली की हे सारे पुन्हा माती होते. मागे उरते ते एक छायाचित्र, आणि ते बहुधा पाहवत नाही.

गडात काही उणे असते असे नाही. चित्रात गडाच्या डोक्यावर पाण्याची टाकी असते, बुरुजाला टेकून दुचाकीचे चाक असते, माचीवरून विजेची तार गेलेली असते. आपली दृष्टी कोणत्याही वस्तूचे मोठेपण शेजारच्या वस्तूवरून ठरवीत असते. चाक किती मोठे असते हे तिला ठाऊक आहे. त्याच्या शेजारचा राजगड मग कंबरेइतकाच उरतो. पोरांच्या आठ दिवसांच्या श्रमांवर असे पाणी पडू नये, म्हणून गडामागे पडदा हवा.

पडद्याची विद्या छायाचित्रणाहून जुनी आहे. 1839 साली ज्याची छायाचित्रणाची रीत जगापुढे आली, तो फ्रान्समधील दागेर मूळचा रंगभूमीचे देखावे रंगविणारा. 1822 पासून पॅरिसमध्ये तो प्रचंड रंगविलेल्या पडद्यांवर प्रकाश खेळवून लोकांना दूरदूरचे प्रदेश दाखवीत असे. आपल्याकडेही दादासाहेब फाळके यांना चित्रपटाकडे वळण्याच्या कितीतरी आधी, 1892 च्या अहमदाबादच्या प्रदर्शनात, नाट्यगृहाच्या एका नमुन्याबद्दल सुवर्णपदक मिळाले होते. आणि ज्यांच्या ‘सैरंध्री’ने 1920 मध्ये नाव मिळविले ते कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीतच पुढे आले. तेव्हा हे काम हलके समजू नये.

आता पडदा केवढा असावा? याचे गणित शाळेतल्या समरूप त्रिकोणांचे आहे. किल्ला चार फूट रुंद आहे, कॅमेरा त्याच्यापासून चार फुटांवर आहे आणि चौकटीत किल्ला काठोकाठ भरला आहे, असे धरू. पडदा किल्ल्याच्या मागे तीन फुटांवर टांगला, तर कॅमेऱ्यापासून तो सात फुटांवर पडला. म्हणून तेथे सात फूट रुंदी दिसणार. आठ फुटांचा पडदा घ्यावा. किल्ल्याला चिकटूनच टांगला तर कापड कमी लागते हे खरे, परंतु गडाची सावली आभाळावर पडते. आभाळावर सावली पडलेली कोणी पाहिली आहे? एवढ्या एका चुकीने सारा देखावा फसतो.

कापड जुने मांजरपाट चालेल. त्यावर खळीचा हात द्यावा आणि ओले असतानाच चारही बाजूंनी ताणून वाळवावे, म्हणजे सुरकुत्या राहत नाहीत. रंगाला चकाकी नसावी. तेलरंग उन्हात लखलखतो. चुन्यात नीळ मिसळून होणारा आपला घरगुती रंग, थोडा सरस घालून, येथे उत्तम. वर गडद निळा, आणि खाली येता येता फिका करीत क्षितिजाशी जवळजवळ दुधी. खरे आभाळही असेच असते, कारण क्षितिजाकडे पाहताना आपण हवेच्या फार मोठ्या थरातून पाहत असतो. ढग काढण्याचा मोह टाळावा. स्टुडिओंतल्या जुन्या पडद्यांवर जिने, कारंजी आणि हंस असत, आणि त्यांच्यापुढे ताठ बसलेली माणसे आज जेवढी खरी वाटतात तेवढेच ते हंस खोटे वाटतात!

डोंगर मात्र हवेत. जवळची रांग मळकट निळसर, तिच्या मागची अधिक फिकी, त्याहून मागची आभाळात मिसळत आलेली. दूरचा डोंगर हिरवा रंगविला की तो जवळ येऊन बसतो. आकार मात्र दिनदर्शिकेवरील सह्याद्रीचे उचलू नयेत. बेळगावच्या पश्चिमेस चंदगडकडे सह्याद्रीच्या रांगा आहेत. पूर्वेकडे जमीन सपाट आणि काळी होत जाते. सायंकाळी शिवारात उभे राहून मावळत्या उजेडापुढची कड कागदावर उतरवून घ्यावी. येळ्ळूरचा राजहंसगड करावयाचा असेल तर तो एकट्या टेकडीवर आहे; त्याच्या मागे सुळके उभे करणे म्हणजे त्याचा अपमानच. तेथे क्षितिज खाली आणि आभाळ भरपूर हवे.

सपाट मुलखाचे क्षितिज नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. कॅमेरा जमिनीपासून सहा इंचांवर ठेवणार असाल तर पडद्यावरील क्षितिजही सहा इंचांवरच हवे. उभे राहून वरून चित्र घेतले तर पडदा कामाचाच नाही, कारण मग मागे अंगणच दिसते. म्हणून आधी कॅमेऱ्याची जागा ठरवावी, नंतर रेघ मारावी. पडद्याची खालची कड गडाच्या उताराआड जाऊ द्यावी. उरलेली फट माती आणि खडे टाकून झाकता येते.

येथे एक अडचण येते, आणि तीच मला सर्वांत गमतीची वाटते. पायथ्यापासून 600 मीटर उठलेला गड आपण तीन फुटांत बसविला, तर प्रमाण साधारण 1:650 झाले. या मापाने मावळा अडीच मिलिमीटरचा, म्हणजे तिळाएवढा हवा. बाजारात मिळणारा तीन इंचांचा मावळा त्या गडावर जवळजवळ 50 मीटर उंचीचा राक्षस ठरतो! उलट इंचभर वाढलेले अळीव 16 मीटरची झाडी म्हणून सहज खपते. तेव्हा अंगणात पाहावयास मावळे खुशाल तटावर असू द्यावेत; चित्रापुरते मात्र त्यांना खाली उतरवावे आणि एखाद्यालाच कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात, एका कडेला, खड्याच्या आधाराने उभे करावे. मग तो दूरवरून गडाकडे पाहणारा पहारेकरी दिसतो.

ऊन सकाळी आठच्या सुमाराचे किंवा दुपारी चारनंतरचे घ्यावे. तिरप्या उन्हात तटाची प्रत्येक खाच उठून दिसते. पडद्यावरील डोंगरांची उजेडाची बाजूही तीच ठेवावी. ज्यांच्याजवळ मोठा कॅमेरा असेल त्यांनी भिंगाचे छिद्र लहान करून तो तिवईवर ठेवावा. मोबाईलच्या इवल्या भिंगाने मात्र जवळचे-दूरचे बरेचसे सारखेच स्पष्ट येते. म्हणून पडद्यावरील कुंचल्याचे फटकारेही दिसतात, ते ओल्या फडक्याने आधीच पुसट करावेत. मोबाईल उलटा धरला की त्याचे भिंग जमिनीलगत येते, आणि गड एकदम मान वर करून पाहावा लागेल इतका उंच होतो.

काम झाल्यावर पडद्याची घडी घालू नये. वेळूवर गुंडाळून ठेवावा. पुढच्या वर्षी पोरांनी सिंधुदुर्ग करावयाचे ठरविले, तर त्याच डोंगरांवर पांढऱ्या-निळ्याचा हात फिरवून एक आडवी सरळ रेघ मारावी. रेघेखालचे पाणी तिच्यावरच्या आभाळाहून थोडे गडद ठेवले की समुद्र तयार होतो.