कोठीला घाम का येतो?

श्रावणातली गोष्ट. कानबाईचे रोट करायचे म्हणून भडगाव तालुक्यातल्या गिरणाकाठच्या एका घरी पत्र्याची मोठी कोठी उघडली. आखाजीच्या आधी गव्हाने भरून बंद केलेली कोठी. झाकण उचलताच आंबूस वास आला. वरचा वीतभर थर ढेपेसारखा घट्ट झालेला, कडेने हिरवट-काळी बुरशी. हात घातला तर आतला गहू कोमट लागत होता.

मी त्या गावी दुसऱ्याच कामाला गेलो होतो. आजींनी मला बोलावून घेतले. तोपर्यंत घरात निवाडा झाला होता. आजींच्या मते सुनेने झाकण नीट लावले नव्हते. घरधन्याच्या मते कोठीच फुटकी होती आणि दुकानदाराने फसवले होते. सून काही बोलत नव्हती.

आम्ही कोठी रिकामी केली. अंधार पडल्यावर आत विजेरी लावून ठेवली, झाकण बसवले आणि बाहेरून चहूबाजूंनी पाहिले. उजेडाची एक तिरीपही कोठून आली नाही. धाब्यातून गळती नव्हती, भिंतीला ओल नव्हती. म्हणजे कोठी चांगली होती आणि सुनेचा दोष नव्हता. मग पाणी आले कोठून?

खरे म्हणजे मला उत्तर ठाऊक होते आणि तेच तोंडातून निघत नव्हते. कारण चैत्रात त्या घरी सल्ला मीच दिला होता. "गहू कडक उन्हात तापवा आणि ऊन ऊनच कोठीत भरा, म्हणजे किडीची भीती नाही." त्यांनी एक दिवस गहू वाळवला, दुपारी दोनला तापलेलाच भरला आणि झाकण घट्ट लावले. माझी नोकरी तेव्हा नवी होती. धान्य वाळवा, एवढे मी सांगितले होते. गार करून भरा, हे सांगायचे राहिले. पोतेभर गहू उकिरड्यात गेला. मी चूक कबूल केली तेव्हा आजी म्हणाल्या, "भाऊ, मग हे पाणी आलं कुठून ते तरी सांगा." त्या दिवशी ओट्यावर बसून जे सांगितले, तेच आज थोडे विस्ताराने लिहीत आहे. पत्र्याची कोठी आता घरोघरी आहे आणि ही तक्रार मी जळगाव-धुळ्याच्या बहुतेक तालुक्यांत ऐकली आहे.

माझ्या भगिनींना हे समजावणे सोपे आहे. तव्यावरची पोळी ऊन ऊनच डब्यात टाकली आणि झाकण लावले तर थोड्या वेळाने झाकणाच्या आतून पाणी ठिबकते आणि वरची पोळी ओली होते. डबा फुटका नसतो, बाहेरून कोणी पाणी घातलेले नसते. ते पाणी पोळीतलेच. कोठी हा तसाच मोठा डबा.

धान्य कितीही वाळलेले दिसले तरी त्याच्या पोटात पाणी असते. गव्हात १४ टक्के ओलावा असेल तर दहा क्विंटल गव्हात १४० लिटर पाणी आहे असे समजा. तो १२ टक्क्यांवर आणायचा तर सुमारे २३ लिटर पाणी उडून जावे लागते. म्हणजे पंधरा लिटरची एक घागर आणि वर अर्धी. हे पाणी खळ्यावर उडाले नाही तर कोठीत आपल्याबरोबर येते.

दुसरी गोष्ट हवेची. गरम हवा पुष्कळ वाफ धरून ठेवते, थंड हवा फार थोडी. ३० अंश तापमानाला एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने मावते. तीच हवा १० अंशांवर आली की जेमतेम ९ ग्रॅम मावते. उरलेले पाणी मग सर्वांत थंड जागा शोधते. कोठीत ती जागा म्हणजे रात्री गार पडलेला पत्रा, आणि त्यातही वरचे झाकण. आतली गरम हवा वर चढते, झाकणाला टेकते, थेंब होऊन खाली पडते. म्हणून बुरशी बहुधा वरून आणि कडेने सुरू होते. जुन्या पोत्यांचे नुकसान खालून, जमिनीच्या ओलीने होई. कोठीचे दुखणे उलट आहे.

आपला खानदेश या बाबतीत फार कडक परीक्षा घेतो. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हिवाळ्यातल्या काही रात्री धुळ्याकडे तो दहाच्याही खाली येतो. दिवस आणि रात्र यांतला फरकही मोठा. पत्रा या फरकाबरोबर लगेच तापतो आणि लगेच निवतो. लोखंडापेक्षा ॲल्युमिनियममधून तर उष्णता तिपटीहून वेगाने जाते. ॲल्युमिनियमचा डबा गंजत नाही हे खरे, पण घाम त्यालाही येतो.

आपल्या आजी-पणजींना हा त्रास का नव्हता? त्या तुरकाठ्यांच्या किंवा बांबूच्या कणगीत धान्य भरत. शेण-मातीने लिंपलेली ती भिंत थोडी वाफ शोषून घेई, थोडी बाहेर सोडी आणि लवकर तापत किंवा निवत नसे. दादर किंचित ओली भरली तरी कणगी सांभाळून घेई. तिचे वैरी उंदीर, सोंडे आणि वाळवी. उंदीर पत्र्याने बाहेर ठेवले, हा त्याचा मोठाच उपकार. पण कणगीची क्षमा त्याच्यापाशी नाही. आपण कोठी नवी आणली आणि भरण्याची सवय मात्र कणगीचीच ठेवली, असे मला वाटते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेल्या 'पुसा कोठी'त विटा-मातीच्या दोन भिंतींमध्ये प्लॅस्टिकचा कागद असतो. बाहेरची ओल प्लॅस्टिक अडवते आणि जाड मातीमुळे आतले धान्य एकदम तापत वा निवत नाही.

आता करायचे काय? निम्मे काम कोठीजवळ जाण्याआधीच होते.

धान्य दोन-तीन चांगली उन्हे द्या. थर दोन बोटांहून जाड नको आणि दिवसातून चार वेळा तरी पायाने किंवा दाताळ्याने फिरवा. शेवटच्या दिवशी ऊन उतरल्यावर गोळा करून थेट कोठीत ओतू नका. घरात ताडपत्रीवर पातळ पसरून रात्रभर निवू द्या आणि सकाळी भरा. चैत्र-वैशाखात आपल्याकडची सकाळची हवा कोरडी असते, त्यामुळे धान्य पुन्हा ओल धरत नाही. दिवाळीच्या सुमारास मात्र दव पडते. तेव्हा निवत ठेवलेले धान्य उघड्या अंगणात ठेवू नका, घरात झाकून ठेवा. मका, मूग, उडीद, सोयाबीन यांची भरणी याच दिवसांत होते. तेव्हा धान्यात ओल जास्त आणि पुढे थंडी येणार, म्हणून घामाची भीती उन्हाळ्यापेक्षाही मोठी. मक्याची तर विशेष.

वाळले की नाही हे कसे ओळखावे? गहू, ज्वारी, मका यांत १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, कडधान्यांत ९ ते १० आणि भुईमुगाच्या शेंगांत ८. बाजार समितीत किंवा गोदामात ओलावा मोजण्याचे यंत्र असते. ओंजळभर नमुना घट्ट झाकणाच्या डब्यातून न्या. घरची एक परीक्षा मिठाची आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य आणि चमचाभर कोरडे मीठ घालून हलवा, दहा-पंधरा मिनिटे ठेवा. मीठ काचेला चिकटले किंवा गोळा झाले तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. येथे एक सावधगिरी हवी. मीठ चिकटले नाही म्हणजे धान्य कोठीस योग्य झाले असे नाही, फक्त फार ओले नाही एवढेच. त्यानंतर आणखी एक ऊन द्यावे. दाताखाली दाणा दबला तर कच्चा, कट्‌ आवाज करून तुटला तर वाळला, ही जुनी पारख मला अजूनही मोलाची वाटते.

कोठी कोठे ठेवता यावरही पुष्कळ अवलंबून आहे. मी पाहिलेल्या कितीतरी कोठ्या ओट्यावर, पश्चिमेच्या उन्हात उभ्या असतात. संध्याकाळपर्यंत एक अंग चटका देणारे आणि पहाटे तेच गार. यापेक्षा वाईट जागा नाही. चुलीला लागून ठेवलेली कोठी ही तिची बहीण. माजघरात, ऊन न येणाऱ्या जागी, विटा किंवा लाकडी फळ्यांवर वीतभर उंच आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवा. बाहेरच ठेवणे भाग असेल तर वर गवताचे छप्पर घाला आणि कोठीभोवती कोरड्या गोणपाटाचे दोन-तीन पदर बांधा.

भरताना काठोकाठ भरा. रिकामी जागा जितकी कमी, तितकी आत हवा कमी. झाकणाखाली धान्यावर एक स्वच्छ, उन्हात तापवून निववलेले पोते दुमडून ठेवा. हे पोते म्हणजे कोठीतला जागल्या. घाम आला तर थेंब तो आधी आपल्या अंगावर घेतो आणि आपल्याला खबर देतो. भरल्यानंतर पहिला महिना दर आठवड्याला, पुढे पंधरा दिवसांनी त्याला हात लावून पाहा. ओलसर लागले तर उन्हात टाका आणि दुसरे कोरडे घाला. दोनदा ओले निघाले तर धान्य बाहेर काढून पुन्हा ऊन द्यावेच लागेल. तेथे आळस केला तर पोतेही वाचवू शकत नाही.

कडुनिंबाचा पाला घालण्याची चाल चांगली, पण पाला सावलीत कुडकुडीत वाळलेला हवा. ताजा पाला म्हणजे आपण हाताने कोठीत घातलेले पाणी.

कोठी उघडण्याचीही वेळ असते. उष्ण बंदरातून धान्य घेऊन थंड समुद्राकडे निघालेल्या जहाजाच्या पोटातही असाच घाम सुटतो. खलाशी म्हणूनच बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी आहे की नाही हे पाहून मगच तळघरात वारा घेतात. आपणही तेच करावे. आषाढ-श्रावणाच्या झडीत झाकण उघडे टाकून बसू नका. उघडीप मिळाली की दुपारी, पंधरा दिवसांचे धान्य एकदम काढून लहान डब्यात ठेवा. खालचे तोंड असेल तर तेथूनच काढा. कोठी अर्ध्यावर आली की उरलेले लहान कोठीत हलवावे, नाहीतर मोकळी जागा वाढते आणि घामही वाढतो.

इतके करूनही बुरशी आलीच तर? ढेप झालेला थर भोवतालच्या चार बोटे चांगल्या धान्यासह काढून टाका. धुऊन, भाजून किंवा दळून बुरशीचे विष जात नाही. मका आणि भुईमूग यांच्या बाबतीत तर मुळीच धोका पत्करू नका. हे धान्य गुरांना किंवा कोंबड्यांनाही घालू नका. "माणसाला नाही तर म्हशीला" हा हिशेब अंगाशी येतो. बाकीचे धान्य बाहेर काढून वाळवा, कोठी आतून पुसून दिवसभर उन्हात उघडी ठेवा आणि सांध्यांवरचा गंज खरवडून रंग लावा.

ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या विषारी गोळ्या कोणी आणून दिल्या तरी राहत्या घरात त्या वापरू नका. ओलाव्याशी गाठ पडताच त्यांतून जीवघेणा वायू निघतो. घाम सुटलेल्या कोठीत तर तो अधिकच वेगाने निघेल. आणि रिकाम्या कोठीला नेहमी कडी लावून ठेवा. पोरे लपाछपी खेळताना आत शिरतात आणि झाकण वरून बसले तर आवाज बाहेर येत नाही.

त्या गिरणाकाठच्या घरी पुढच्या चैत्रात मी मुद्दाम गेलो. सुनेने गहू रात्रभर माजघरात पसरून ठेवला होता. सकाळी आजींनी मूठ उचलून गालाला लावून पाहिली आणि म्हणाल्या, "गार झाला. आता भरा." बियाण्याची दादर मात्र त्यांनी कोठीत घालू दिली नाही. ती त्यांनी वेगळ्या मडक्यात, तोंड मातीने लिंपून ठेवली होती. मीही आग्रह केला नाही. पेरणीआधी त्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहू, एवढेच ठरवून निघालो.