यानाची त्वचा आणि गाभा

‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ या अंतराळयान उडवण्याच्या संगणकीय खेळात यानाच्या प्रत्येक भागाला दोन तापमाने असतात, एक त्वचेचे आणि एक गाभ्याचे. दोन्ही केल्विनमध्ये मोजली जातात. मे महिन्यात लासूर स्टेशन या गावाचा पारा ४२ अंशांवर गेला, तरी खेळाच्या हिशेबात ते जेमतेम ३१५ केल्विन होतात. यानाच्या बहुतेक भागांची सहनमर्यादा २००० केल्विनच्या आसपास असते. एफ-१० ही कळ तापत्या भागाशेजारी दिसणाऱ्या पट्ट्या चालू-बंद करते, तर एफ-११ दाबले की सगळे यान तापमानानुसार रंगते. २०१५ मध्ये १.० ही आवृत्ती आली आणि वातावरणात परतणारे यान तापून फुटू लागले. तेव्हापासून नवख्या खेळाडूची नजर लाल होत जाणाऱ्या पट्टीवरच खिळलेली असते.

भाग मर्यादेच्या किती जवळ आला एवढेच ती पट्टी सांगते. तो तिकडे किती झपाट्याने चालला आहे, हे समजायला उष्णतेचा प्रवाह पाहावा लागतो. ऑल्ट आणि एफ-१२ या कळांनी उघडणाऱ्या पडद्यामागच्या मेनूत ही आकडेवारी चालू करता येते. मग भागावर राइट-क्लिक केले की वहन, अभिसरण, प्रारण आणि अंतर्गत उष्णता असे चार प्रवाह किलोवॉटमध्ये दिसतात. अधिक चिन्ह म्हणजे उष्णतेची आवक, उणे म्हणजे जावक. निर्वात पोकळीत अभिसरण शून्यावर येते आणि उष्णता बाहेर टाकायला प्रारणाचा एकच मार्ग उरतो. प्रारण तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, म्हणजे केल्विनमधले तापमान दुप्पट झाले की बाहेर पडणारी उष्णता सोळापट होते.

त्वचा आणि गाभा यांचे नाते भरिताच्या वांग्यासारखे आहे. विस्तवावर साल करपते तेव्हा आतला गर कच्चाच असतो, आणि वांगे खाली उतरवल्यावरही आतले शिजणे थोडा वेळ चालूच राहते. यानाचेही तेच होते. त्वचेचा आकडा उतरू लागल्यावरही गाभ्याचा चढतच असतो. करपलेली साल आतल्याला वाचवते, हेही खरे. उष्णतारोधक ढालीचे आवरण जळून झडताना उष्णता सोबत घेऊन जाते. खेळात या आवरणाचा साठा घटताना दिसतो. इस्रोने १८ डिसेंबर २०१४ रोजी ‘केअर’ मोहिमेत रिकामे मानवी कुपीयान बंगालच्या उपसागरात उतरवले, तेव्हा त्याच्या तळाला अशाच झडणाऱ्या आवरणाच्या फरशा होत्या.

यान ‘हवेच्या घर्षणाने’ तापते, असे वर्तमानपत्रे नेमाने छापतात. प्रत्यक्षात मुख्य वाटा यानापुढे दाबल्या जाणाऱ्या हवेचा असतो. पृथ्वीभोवती सेकंदाला ७.८ किलोमीटर वेगाने फिरणाऱ्या प्रत्येक किलो वस्तुमानात सुमारे ३ कोटी जूल ऊर्जा असते. तेवढ्यात वीस किलोहून अधिक लोखंड वितळेल. ही ऊर्जा यानात न शिरता हवेतच कशी राहील, याचे उत्तर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या एम्स प्रयोगशाळेतल्या हॅरी ज्युलियन ॲलन यांनी दिले. सगळे अणकुचीदार नाकाच्या मागे लागले असताना त्यांनी बोथट नाकाची बाजू घेतली. बोथट नाकापुढे दाबलेल्या हवेची आघातलाट दूर उभी राहते आणि बहुतेक उष्णता हवेबरोबर बाजूने निघून जाते. आल्फ्रेड एगर्स यांच्यासह लिहिलेला त्यांचा अहवाल कित्येक वर्षे गोपनीय राहिला. जेमिनी, अपोलो या अंतराळयानांचे बोथट तळ याच विचारातून आले. अंतराळवीरांची नावे पाठ असणाऱ्यांनाही ॲलन मात्र ठाऊक नसतात. खेळातही कुपीयानाचा सपाट तळ पुढे ठेवूनच उतरावे लागते.

२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या आकाशातून जळते गोळे गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची भलीमोठी कडी पडली. परिसरात पोकळ गोळेही सापडले. त्याच दिवशी न्यूझीलंडहून उडालेल्या ‘इलेक्ट्रॉन’ रॉकेटचे हे तुकडे असावेत, असा तर्क आधी झाला. मात्र अवकाशातल्या वस्तूंच्या कक्षांचा माग ठेवणाऱ्या जोनाथन मॅकडॉवेल यांनी हा चीनच्या ‘लाँग मार्च ३-बी’ रॉकेटचा, २०२१ मध्ये सोडलेला तिसरा टप्पा असल्याचे सांगितले. ॲल्युमिनियम ९३३ केल्विनला वितळते, टायटॅनियम १९४१ ला. पण काही तुकडे न जळता जमिनीपर्यंत पोहोचतात, त्याचे वितळणबिंदू हे अर्धेच कारण. पोकळ गोळा आकाराच्या मानाने हलका असल्याने उंचावरच्या विरळ हवेतच त्याचा वेग मोडतो आणि सर्वाधिक तापण्याची वेळ लवकर टळते.

खेळात मर्यादा ओलांडली की भाग एकदम फुटतो. खरा धातू आधी मऊ पडतो, वाकतो, मग वितळतो. शिवाय कर्बिन हा खेळातला ग्रह अवघ्या ६०० किलोमीटर त्रिज्येचा आहे. तिथला कक्षीय वेग सेकंदाला सव्वादोन किलोमीटरच्या आसपास असल्याने हवेची उष्णता मुद्दाम वाढवून धरावी लागली आहे. उतरणीच्या कोनाचा परिणाम मात्र दोन्हीकडे सारखाच. तीव्र उतारावर प्रवाह प्रचंड पण थोडा वेळ. मंद उतारावर प्रवाह कमी, पण एकूण उष्णता जास्त. अशा मंद उतरणीत त्वचेचा आकडा बेताचा दिसत असताना गाभ्याचा आकडा आणि ढालीचे शिल्लक आवरण पाहावे लागते.