राणीबागेतलं फुलांचं प्रदर्शन आणि आपला दसऱ्याचा झेंडू

आजचा भाग खास शहापूर-मुरबाडच्या दोस्तांसाठी. भायखळ्याच्या राणीबागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, मुंबई महापालिका साधारण जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला फुलांचं मोठं प्रदर्शन भरवते. शहापूरवाल्यांनी आसनगावहून लोकल धरायची, मुरबाडवाल्यांनी एसटीने कल्याण गाठायचं. तारीख दरवर्षी बदलते, आधी बघून निघा.

फुलांनी सजवलेल्या प्रतिकृतींसमोर फोटोला गर्दी असते. तुम्हीही काढा. पण नंतर कुंड्यांजवळ थांबा आणि विचार करा: बाग १८६२ सालची, प्रदर्शन जेमतेम तीन दिवसांचं, मग एवढ्या कुंड्या नेमक्या त्याच तीन दिवसांत भर फुलात कशा?

उत्तर आहे उलटी मोजणी. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे रिलीजची तारीख आधी ठरते, मग मागे येत येत कामं लावतात. माळ्याचंही तसंच. फुलायला किती दिवस लागतात ते धरून तो पेरणीचा दिवस काढतो.

आता हे आपल्या झेंडूला लावून बघा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी जो भाव मिळतो, तो दसरा उलटला की मिळत नाही. म्हणजे सगळा खेळ तारखेचा. बी पेरल्यापासून रोप तयार व्हायला साधारण चार आठवडे, लागवडीनंतर फुलायला साधारण ६० दिवस. दसरा २० ऑक्टोबरला असेल, तर लागवड २१ ऑगस्टच्या आसपास आणि पेरणी २४ जुलैच्या आसपास. तेव्हा आपल्याकडे धो-धो पाऊस, म्हणून रोपं गादीवाफ्यावर किंवा आडोशाला ट्रेमध्ये करायची. शेंडा खुडला की फांद्या वाढतात, फुलं जास्त येतात, पण थोडी उशिरा. तेही दिवस धरा. जातीप्रमाणे आणि हवेप्रमाणे पुढेमागे होतंच, म्हणून सगळी लागवड एका दिवशी नको, आठवड्याच्या अंतराने दोनदा करा.

प्रदर्शनात बी-रोपांचे, खतांचे स्टॉल असतात, उद्यानविद्येची कार्यशाळाही असते. तिथे तीन प्रश्न विचारा: जात कोणती, पेरलं कधी, शेंडा कधी खुडला? उत्तरं लगेच मोबाइलमध्ये टिपून ठेवा.

तुमच्या गावात झेंडू कधी लावतात? मला कळवा. भेटू पुढच्या भागात!