तिथी पाहून समुद्रावर

गोदाकाठी जन्मलेल्या माणसास पाण्याचे भय नसावे, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नव्हे. आमचे सायखेडे हे निफाड तालुक्यातील गाव अगदी गोदावरीच्या अंगावर वसलेले. पलीकडच्या तीरास चांदोरी. खालच्या अंगास नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा असल्यामुळे आमच्याकडे पात्र रुंद आणि पाणी संथ. हिवाळ्यात त्या जलाशयावर दूरदेशीचे पक्षी उतरतात, आणि इ. स. २०२० मध्ये त्या स्थळास रामसर यादीत, महाराष्ट्रातून सर्वांआधी, मानाचे स्थान मिळाले. पाणी उतरले म्हणजे चांदोरीजवळच्या पात्रातील जुनी देवळे दिसू लागतात. इतकी ही नदी प्रेमळ. परंतु तीच नदी ऑगस्ट २०१६ मध्ये व पुनः ऑगस्ट २०१९ मध्ये गावात शिरली, तेव्हा तिचे दुसरे रूपही आम्ही पाहिले. पहिल्या पुरात आमच्या थोरल्या वहिनींचे देवघर पाण्याखाली गेले. त्या दिवसापासून वहिनींनी घाटाची पायरी म्हणून उतरली नाही.

अशा घरात समुद्रपर्यटनाचा विषय निघावा, हेच नवल. त्यास कारण झाला आमचा नातू. गेल्या कार्तिकात एके रात्री पंगत चालू असता त्याने विचारले, "आजोबा, जंजिरा कोणालाच का घेता आला नाही?" आम्ही पस्तीस वर्षे मुलांना जो धडा शिकविला तो त्यास सांगितला. सर्व ऐकून घेऊन तो म्हणाला, "पण तुम्ही पाहिला आहे का?" पाहिला नव्हता. पानावरील सर्व मंडळी हसली. आम्हीही हसलो, परंतु तो प्रश्न आमच्या मनातून काही केल्या जाईना. जे ठिकाण आपण फळ्यावर काढून दाखविले, त्याचे दर्शन आपण कधी घेतले नाही, ही गोष्ट साठी उलटल्यावर अधिक बोचते.

घरातील अकरा माणसांना घेऊन शिडाच्या होडीने जंजिऱ्यास जावे असा बेत ठरला. मुरूडजवळच्या राजपुरी गावाहून अजूनही शिडाच्या होड्या प्रवाशांस किल्ल्यावर नेतात. अंतर थोडे; वारा अनुकूल असेल तर पाव-अर्ध्या तासाचा मार्ग. थोरले बंधू निवर्तल्यापासून घराचा भार आमच्यावर आहे. तेव्हा अकरा जीव पाण्यावर नेण्यापूर्वी आपण एकदा जाऊन पाहून यावे, हे उचित वाटले. एवढे शहाणपण आम्हांस सुचले. मात्र पुढचे सुचले नाही.

भरती-ओहोटीचा हिशेब आम्हांस पाठ होता. तो असा: तिथीचा जो अंक असेल त्याची पाऊणपट करावी, की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीस चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता भरती. तिथून सुमारे सहा तासांनी, म्हणजे नऊ वाजता, पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो वा वद्य, नियम एकच. कारण उघड आहे. चंद्र रोज आकाशात मागे रेंगाळतो, म्हणून भरतीही रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. नियमात तिथीगणिक पंचेचाळीस मिनिटे धरली आहेत. त्यामुळे पंधरवड्याच्या शेवटी हिशेब अर्धा-पाऊण तास मागे पडतो. तथापि घड्याळाशिवाय समुद्रावर जाणाऱ्या माणसास एवढे गणित पुष्कळ झाले. आज भरतीची कोष्टके छापील मिळतात व मोबाईलवरही दिसतात. परंतु पंचांगावरून काढलेले उत्तर कोष्टकाशी ताडून पाहण्यात मुलांना जो आनंद होतो तो वेगळाच.

या गणिताच्या अभिमानाने आम्ही मार्गशीर्ष पौर्णिमेचा दिवस निवडला. विचार असा की, पौर्णिमेचे पाणी सर्वांत मोठे. खडक बुडालेले असतील. होडी थेट किल्ल्याच्या पायरीस लागेल. शिवाय दिवस पुण्यकारक. पुतण्यास बरोबर घेतले. नाशिक, कल्याण, पनवेल, पेण, अलिबाग असे करीत मुरूडास पोचेतो आणि तेथून राजपुरीच्या धक्क्यावर उभे राहीतो दुपारचे दोन वाजले. पाहतो तो सर्व होड्यांची शिडे गुंडाळलेली. समोर किल्ला इतका जवळ की हात लांबवावा. आणि मध्ये मात्र पाणी उसळ्या मारीत आहे.

एका वृद्ध तांडेलास आम्ही आमचे गणित सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले व म्हणाला, "मास्तर, तुमची भरती बरोबर आहे. पण ती केव्हाच झाली. आता होडी नेता येईल. पायरीला लावता येणार नाही."

आम्ही म्हणालो, "इतक्या लांबून आलो आहोत. आम्ही दोघेच. पोहता येते."

तो म्हणाला, "नदीत पोहता. इथे लाट तुम्हांला दगडावर आपटेल, तेव्हा पोहणे काय कामाचे?"

आम्हांस क्षणभर राग आला, हे कबूल करणे भाग आहे. जन्मभर मुलांना उत्तर चुकले म्हणून सांगणाऱ्यास आपले उत्तर चुकले हे ऐकणे जड जाते. परंतु सायखेड्याच्या पुलावरून पुराचे पाणी वाहताना पाहिले होते. त्या आठवणीने जीभ आवरली. आम्ही तेथेच धक्क्यावर बसलो आणि त्या अनुभवी माणसाकडून समुद्राचे पहिले पाठ घेतले. वाचकांपैकी ज्यांस असा बेत करावयाचा असेल त्यांच्या उपयोगासाठी ते येथे नमूद करितो.

पहिली गोष्ट, भरतीची वेळ पाहणे पुरेसे नाही. भरतीचे मान पाहिले पाहिजे. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास समुद्रास उधाण असते. मुंबईच्या किनाऱ्यावर अशा दिवशी भरती व ओहोटी यांतील फरक चार मीटरांच्याही पुढे जातो. इतके पाणी सहा तासांत खाडीच्या तोंडातून आत-बाहेर करावयाचे म्हणजे प्रवाह जोराचा असणारच. उलट अष्टमीनंतरच्या एक-दोन दिवसांत पाणी फारसे चढत नाही व फारसे उतरतही नाही. त्यास भांग म्हणतात. नवख्या मंडळींनी भांगाचे दिवस धरावेत.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. हिवाळ्यात पहाटेपासून जमिनीवरून समुद्राकडे मंद वारा वाहतो, त्यास मतलई म्हणतात. रात्री जमीन लवकर निवते व समुद्र ऊबदार राहतो, म्हणून हा वारा सुटतो. दुपारी जमीन तापली की चक्र उलटते आणि वायव्येकडून समुद्रावरचा वारा आत येतो. राजपुरी किल्ल्याच्या पूर्वेस. तेव्हा सकाळी जाताना मतलई शिडात भरून घ्यावी हे सोयीचे. आमच्या पौर्णिमेच्या दुपारी काय झाले ते आता ध्यानी आले. ओहोटीचे पाणी बाहेर धावत होते आणि वारा आत येत होता. दोहोंची टक्कर होऊन आखूड व उभ्या लाटा उठत होत्या.

तिसरी गोष्ट, होडी लावण्याची. प्रवासाचा अवघड भाग समुद्रात नसून अखेरच्या चार हातांत आहे. किल्ल्याच्या दाराशी दगडी पायऱ्या आहेत. तेथे शीड आधीच उतरवावे लागते, आणि होडी उरल्या वेगाने वा वल्ह्याने हलकेच पायरीशी आणून खलाशी दोर घेऊन उडी टाकतो. उतरणाऱ्याने लाटेने होडी वर आली की पाऊल टाकावे; ती खाली जाऊ लागली असता कदापि टाकू नये. हात खलाशाच्या हाती द्यावा. होडीच्या काठावर ठेवू नये, कारण काठ व दगड यांमध्ये बोटे चिरडतात. माणसे उतरली की होडी पायरीशी बांधून ठेवीत नाहीत. ती दूर नेऊन नांगरावयाची. नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट सोडावा. आखूड दोर नांगरास वर उचलतो, लांब दोर आडवा ओढतो व फाळ तळात रुतून बसतो. आणि कोठे दगडास बांधण्याची वेळ आलीच, तर भरतीच्या वेळी दोर ताणून बांधू नये. पाणी उतरले की होडी दोरास लटकते.

चौथी गोष्ट आमच्या मनास सर्वांत अधिक पटली. तांडेल म्हणाला, "मी नाही म्हटले की नाही. माझ्याशी जो भांडतो त्याला मी दुसऱ्या दिवशीही नेत नाही."

घरी परत आल्यावर आम्ही पंगतीत सर्व हकीकत सांगितली व आपली चूक लपविली नाही. नातवाने नवे गणित मांडले. दिवस ठरला माघ शुद्ध एकादशी. अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सकाळी सव्वाआठास भरती, भांग नुकताच सरलेला, मतलई चालू. शिवाय सर्वांस उपवास, तेव्हा जड अन्न पोटात जाऊन समुद्र लागण्याचे भय नाही. दशमीस मुरूडास मुक्काम. हवामान खात्याचा अंदाज आदल्या रात्री पाहावयाचा. प्रत्येकास तरंगते जाकीट, लहानांस लहान मापाचे. पिण्याचे पाणी बरोबर. पादत्राण न निसटणारे; नऊवारीचा ओचा घट्ट खोचलेला.

राहिल्या वहिनी. त्यांना आग्रह करावयाचा नाही असे आम्ही घरात सांगून ठेविले होते. आमच्या आजीच्या काळी समुद्रयात्रा कलिवर्ज्य म्हणून सांगत. परदेशगमन करून आलेल्यांस प्रायश्चित्ते देत. त्याच समाजातून आनंदीबाई जोशी १८८३ साली आगबोटीने अमेरिकेस गेल्या व वैद्यकाची पदवी घेऊन आल्या. शास्त्राचा अडसर असा दूर होऊ शकतो. डोळ्यांनी पाहिलेल्या पुराचा होत नाही. वहिनींनी एवढेच विचारले, "भाऊजी, त्या तांडेलाने तुम्हांला परत पाठविले ना? मग तो नेईल तेव्हा मी येईन." आमच्या गणितावर त्यांचा विश्वास बसला नव्हता, त्याच्या नकारावर बसला.

एकादशीस सकाळी साडेसातास आम्ही धक्क्यावर होतो. तोच तांडेल. त्याने आकाश पाहिले, किल्ल्याच्या पायथ्याचे पाणी पाहिले, आणि काही न बोलता वहिनींस प्रथम हात दिला. शीड चढले, त्यात वारा भरताच होडी किंचित कलली आणि सर्व गलबला थांबला. यंत्राचा आवाज नाही. केवळ नाळेशी पाणी कापल्याचा. वहिनी डोळे मिटून विष्णुसहस्रनाम म्हणत होत्या. किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही, हे आम्ही धड्यात शिकविले होते, तो दिसला तेव्हा नातू ओरडला, "आजोबा, खरेच की!" त्या आवाजाने वहिनींनी डोळे उघडले व पुढे मिटले नाहीत.

उतरणे तांडेलाने सांगितल्याप्रमाणे झाले. होडी वर आली, "आता" म्हणून हाक आली, आणि एकेक मनुष्य पायरीवर. होडी लगेच मागे सरून नांगरास लागली.

किल्ल्यात दारावर हत्तींस पंजांखाली दाबणारे शरभाचे शिल्प आहे. कलालबांगडी नावाची प्रचंड तोफ आहे, आणि सभोवार खारे पाणी असता आत गोड्या पाण्याचे दोन तलाव आहेत. जंजिरा हा शब्दच मुळी अरबी जझीरा, म्हणजे बेट, यावरून आला. सिद्दींचे हे संस्थान १९४८ साली विलीन होईतो टिकले. तटावर बसून आम्ही नातवाच्या प्रश्नाचे उत्तर पुनः दिले. शिवरायांनी जवळच पद्मदुर्ग उभारला. संभाजीराजांनी १६८२ साली समुद्रात दगडांचा भराव घालण्यास आरंभ केला, परंतु मोगलांची स्वारी कोकणात उतरल्यामुळे काम टाकून जावे लागले. आणि लाय पाटील नावाच्या शूर कोळ्याने रात्री तटास शिड्या लावून ठेविल्या. मात्र मोरोपंतांची माणसे ठरल्या वेळी पोचली नाहीत आणि उजाडण्यापूर्वी शिड्या काढून घ्याव्या लागल्या, अशी हकीकत सांगतात. शिवरायांनी त्यास पालखीचा मान देऊ केला. तो त्याने नम्रपणे नाकारला, तेव्हा 'पालखी' नावाचे गलबत बांधून त्यास दिले.

नातू थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे त्यांचीही वेळ चुकली. तुमच्यासारखी." आम्ही त्यास रागावलो नाही.

पाऊण तासाने तांडेलाची हाक आली. परतताना मतलई पडत चालली होती, म्हणून खलाशांनी वल्ही घेतली. सर्व मंडळी सुखरूप धक्क्यावर उतरली.

असो. जूनपासून पावसाळाभर ह्या होड्या बंद असतात. नारळी पौर्णिमेस कोळी समुद्रास नारळ देतात, त्यानंतर समुद्र हळूहळू निवळतो. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंतचा काळ उत्तम. पंचांग अवश्य पाहावे, तथापि शेवटचा शब्द तांडेलाचा मानावा.

सायखेड्यास परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी घाटावर आल्या. तिसऱ्या पायरीपर्यंत उतरल्या, पाण्यास हात लावला आणि परतल्या. पुढच्या पायऱ्यांचा आग्रह आम्ही केला नाही.