गुडघ्याची शस्त्रक्रिया : निर्णय कोणाचा?

गुडघा झिजला की डॉक्टर सांधारोपणाचा सल्ला देतात आणि मुले तारीख ठरवून मोकळी होतात. ज्याचा गुडघा, त्याला काय हवे हे विचारायचे मात्र राहून जाते. दिवंगत परमगुरू फ्रान्सिस ह्यांनी २०२२ साली चाकाची खुर्ची पत्करली, पण गुडघ्यावर शस्त्रक्रिया नको म्हटले. २०२१ च्या आतड्याच्या शस्त्रक्रियेत दिलेल्या भुलीचा त्रास त्यांना पुन्हा नको होता.

सांध्याचा एकच भाग झिजला असल्यास आंशिक रोपण पुरते. जखम लहान, रुग्ण लवकर चालू लागतो. परंतु २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २५ वर्षांनंतर संपूर्ण रोपणे सुमारे ८२ टक्के, तर आंशिक सुमारे ७० टक्के टिकतात. ऐंशीच्या आजींना हा फरक गौण वाटेल, पन्नाशीच्या शेतकऱ्याला नव्हे.

रोपणाने बहुतेकांची वेदना शमते. जमिनीवर मांडी घालणे वा गुडघे टेकणे मात्र पुष्कळांना जड जाते. ‘मग मिस्सात काय करू?’ ही ज्येष्ठांची धास्ती खरी आहे, ती डॉक्टरांपुढेही मांडावी. प्रकृतीमुळे गुडघे न टेकण्याची मुभा रोमन मिस्साग्रंथाच्या सूचनांतच आहे. अशा भाविकांनी, धर्मगुरू गुडघा टेकतात त्या वेळी, खाली वाकून वंदन करावे.