भाकरी, भात आणि मुद्दे : कर्बोदकांचा हिशेब

सध्या आपल्या मेसमध्ये एक नवी फॅशन आली आहे. ज्याला पोटावर ‘सिक्स पॅक’ हवेत तो भाताचे भांडे पुढे सरकवतो आणि ऐटीत सांगतो, ‘मी कार्ब बंद केलेत.’ तोच कॅडेट संध्याकाळी कँटीनमध्ये क्रीमची बिस्किटे आणि थंड पेयाची बाटली घेऊन बसलेला दिसतो. कार्ब म्हणजे फक्त भात, अशी त्याची समजूत असते. जीवशास्त्राच्या पुस्तकात हा विषय दीड पानात संपतो, पण आपल्या ताटाशी त्याचा संबंध त्यापेक्षा बराच मोठा आहे.

कर्बोदके म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांपासून बनलेले पदार्थ. साखर, धान्यातला स्टार्च म्हणजे पिष्ट, आणि भाज्या-कोंड्यातला तंतू हे तिन्ही त्याच घराण्यातले. एक ग्रॅम साखरेतून किंवा पिष्टातून साधारण ४ कॅलरी मिळतात. तंतू आपल्याला पचत नाही, पण तो इतर दोघांच्या पचनाला ब्रेक लावतो. भात खा, चपाती खा किंवा जिलेबी खा, पचनानंतर त्यातून मुख्यतः ग्लुकोजच रक्तात येते.

आता एक आकडा बघा. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते आणि उपाशीपोटी त्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असते फक्त ४ ते ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा! थंड पेयाच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. ३०० मिलिलिटरची बाटली दोन मिनिटांत संपवली तर सहा-सात चमचे साखर पोटात गेली. ती रक्तात साचून राहू नये म्हणून स्वादुपिंड इन्शुलिन सोडते. इन्शुलिन पेशींचे दरवाजे उघडते आणि ग्लुकोज आत जाते. काही ग्लुकोज यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन या रूपात साठते. यकृताच्या कोठारात जवळपास १०० ग्रॅम मावते, स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास. कोठारे भरली आणि तरी माल येतच राहिला, की त्याची चरबी होते.

क्रॉस कंट्रीत आपण याच कोठारावर धावतो. म्हणून कार्ब पूर्ण बंद करणाऱ्या कॅडेटचे पाय चौथ्या किलोमीटरला जड होतात. त्यात इच्छाशक्तीचा दोष नसतो, कोठारच रिकामे असते. शिवाय धावताना स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातले ग्लुकोज स्वतःच ओढून घेतात. पी.टी. आणि गेम्स चालू असेपर्यंत आपल्याला पाच चपात्या पचतात त्या यामुळेच.

पण सगळी कर्बोदके एकाच वेगाने रक्तात येत नाहीत. टोरांटोच्या डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये हा वेग मोजण्याची एक पट्टी मांडली. तिला ग्लायसेमिक इंडेक्स म्हणतात. शुद्ध ग्लुकोजला १०० गुण धरले तर पांढरा भात सत्तरच्या आसपास, उकडलेला बटाटा त्याच्याही थोडा वर आणि हरभरे तीसच्या जवळ येतात. दाणा जितका बारीक दळलेला आणि जितका मऊ शिजवलेला, तितका तो लवकर पचतो. त्याच्याबरोबर डाळ, दही, भाजी असेल तर वेग मंदावतो. आपला वरण-भात आणि दही-भात हे जेनकिन्ससाहेबांच्या आधीपासूनचे आहेत, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आता बेंगळुरूकडे येऊ. मराठीत मुद्दे म्हणजे पॉइंट्स, पण इथे मुद्दे म्हणजे नाचणीच्या पिठाचे गरमागरम गोळे. उकळत्या पाण्यात रागीचे पीठ घालून लाकडी दांड्याने घोटतात आणि ओल्या हाताने गोळा वळतात. तो सारूत बुडवून न चावता गिळायचा असतो. पहिल्या वर्षी आम्ही मराठी मुले तो चावत बसलो होतो आणि कन्नड मित्र हसून लोटपोट झाले होते. ‘रागी खा, मधुमेह होणार नाही,’ असे इथे पुष्कळ जण सांगतात, आणि माझी आजी गावाकडे शाळूच्या भाकरीबद्दल अगदी हेच सांगते.

दोघांचेही म्हणणे तपासून पाहायला हवे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यानुसार १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदके आहेत, ज्वारीत ६८, नाचणीत ६७ आणि गव्हाच्या पिठात ६४. म्हणजे फरक आहे, पण तो लोकांना वाटतो तेवढा नाही. खरा फरक दुसरीकडे आहे. तांदळात तंतू ३ ग्रॅमहून कमी, तर ज्वारी, नाचणी आणि गव्हाच्या पिठात १० ते ११ ग्रॅम. कॅल्शियममध्ये तर नाचणीला तोड नाही. १०० ग्रॅममध्ये सुमारे ३६० मिलिग्रॅम, आणि तांदळात जेमतेम ७-८. आपली हाडे वाढायच्या वयात हे फार मोलाचे आहे. तेव्हा नाचणी चांगली आहेच, पण चार मुद्दे खाल्ले तर ते चार मुद्द्यांइतके पिष्ट झाले, आणि त्यावर साखर घातलेली रागी माल्ट प्यायलो तर हिशेब पुन्हा बिघडला.

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीतूनही हेच निघाले. या पाहणीचे २०२३ मध्ये आलेले आकडे धक्कादायक आहेत. भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. २०२५ मध्ये त्याच पाहणीतून आहाराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्या रोजच्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, आणि भाताच्या जागी नुसते गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ आणून धोका कमी होताना दिसत नाही. एकूण कर्बोदके थोडी कमी करून त्यांच्या जागी डाळी, कडधान्ये किंवा दूध-दही आले, तर मात्र तो कमी होतो. म्हणजे कोणते धान्य, यापेक्षा किती आणि कशाबरोबर हा प्रश्न मोठा आहे.

सैन्यानेही २०२३ मध्ये जवानांच्या शिध्यात भरडधान्यांची पिठे परत आणली. अर्ध्या शतकापूर्वी गव्हाच्या पिठासाठी ती बंद झाली होती. ज्वारी, बाजरी आणि नाचणीचे पीठ तांदूळ-आट्याच्या एकूण वाट्याच्या २५ टक्क्यांपर्यंत घ्यायचे, असे ठरले. सगळे बदलून टाकण्यापेक्षा पाव वाटा बदलणे मला शहाणपणाचे वाटते.

‘पण मी तर बारीक आहे, मला काय होणार?’ असे म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा फोटो पाहावा. ते केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकात त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे उंचीच्या मानाने वजन अगदी योग्य. पण तपासणीत युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावायचे. याज्ञिकांनी आपला व्यायाम सांगितला तो रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद व्हायच्या आत धावत गाठण्याचा! गंमत बाजूला ठेवली तरी मुद्दा गंभीर आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून त्यांच्या गटाने गर्भवती माता आणि बाळांचा अभ्यास केला. त्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीचे, अशी आपली ठेवण जन्मापासूनच असू शकते. स्नायू कमी म्हणजे ग्लुकोज साठवायचे कोठार लहान.

हे मी माझ्या बाबांमुळे वाचायला लागलो. ते तोफखान्यातून हवालदार म्हणून चाळिशीच्या आत निवृत्त झाले. नोकरीत रोज धावणे होते, निवृत्तीनंतर रात्रपाळीची सिक्युरिटीची खुर्ची आली. धावणे थांबले, पाच चपात्यांची सवय थांबली नाही. वजन मात्र वाढले नाही, जुनी पँट अजून बसते, म्हणून घरात कोणालाच शंका आली नाही. मागच्या वर्षी उपाशीपोटी साखर १६८ निघाली. आता गोळ्या चालू आहेत. ताटात शाळूच्या दोन भाकऱ्या, मटकीची किंवा चवळीची उसळ, पालेभाजी आणि ताक असते. जेवल्यावर ते आणि आई गावच्या रस्त्याने अर्धा तास चालून येतात. भात रविवारी, तोही वाटीभर. साखरेचा चहा सोडायला त्यांना सर्वांत जड गेले, असे आई फोनवर सांगते.

आपल्यापैकी कितीतरी जणांचे वडील असेच फौजी आहेत, म्हणून पालकांसाठी दोन गोष्टी. सुट्टीवरून परतताना तुम्ही लाडू-शंकरपाळ्यांचा डबा देता, त्यात शेंगदाणे, फुटाणे आणि थोडा चिवडाही असू द्या. लाडू नकोत असे मी मुळीच म्हणत नाही, ते एका रात्रीत डॉर्मेटरीत संपतात. विकतच्या माल्टच्या डब्यावर घटकांची यादी वाचा. जे सर्वांत जास्त ते आधी लिहिलेले असते. साखर, ग्लुकोज सिरप आणि माल्टोडेक्स्ट्रिन ही नावे वरच्या ओळीत दिसली, तर रागीचे चित्र नुसते शोभेपुरते आहे असे समजा.

दुसरी गोष्ट तपासणीची. उपाशीपोटी साखर १०० च्या खाली असेल तर ठीक, १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, आणि १२६ किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेहाची शक्यता धरून डॉक्टरांकडे पुन्हा खात्री करून घ्यायची. तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या एचबीए१सी चाचणीत ही रेषा ६.५ वर आहे. सुरुवातीला काहीच दुखत-खुपत नाही, त्यामुळे तपासल्याशिवाय कळत नाही. माजी सैनिक पालकांना ही तपासणी ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमध्ये करून घेता येते. सकाळी चहा न घेता जायचे आणि कार्ड बरोबर ठेवायचे.