लवंग शोधणारी भुरी

लॅब्राडोर कुत्र्याचं पोट भरतं, पण ते भरलंय हे त्याला कळत नाही, आणि त्याचं सगळं शिक्षण या एका गोष्टीवर उभं आहे असं मी म्हटलं तर तुम्हाला लगेच पटायचं नाही. पण बसा निवांत. पावसानं लाईट घालवलीच आहे, कंदील लावलाय, आणि आमची भुरीसुद्धा तुमच्या पायाशी येऊन बसलीय, थोडी तुमच्या मायेपोटी आणि बरीचशी तुमच्या हातातल्या शेंगदाण्यांपोटी.

उन्हाळ्यात पेणला घरोघरी पापड वाळत पडतात. शेजारच्या वहिनींनी एकदा अंगणात खाटेवर पोह्याचे पापड घातले होते आणि राखणीला सासूबाईंना बसवलं होतं. दुपारचा वारा लागून म्हातारीचा जरा डोळा लागला, तेवढ्यात भुरीनं खाटेची एक अख्खी ओळ संपवली, तीही अशा बेतानं की शेजारच्या ओळीतला पापड जागचा हलला नाही. वहिनी काठी घेऊन आल्या, बघितलं, आणि काठी खाली ठेवून हसतच बसल्या. गंमत पुढे आहे. घरी येऊन बाईसाहेब आपल्या ताटलीपाशी उभ्या राहिल्या, जेवायची वेळ झाली होती ना!

याचं कारण २०१६ साली केंब्रिज विद्यापीठात सापडलं. एलेनॉर रॅफन नावाच्या पशुवैद्य बाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी तीनशेहून जास्त लॅब्राडोर तपासले, तर त्यातल्या सुमारे चौथ्या हिश्शाच्या अंगात पीओएमसी नावाच्या जनुकातली चौदा अक्षरं गळालेली निघाली. पोट भरलं, आता पुरे, असा निरोप मेंदूला देणारी रसायनं याच जनुकातून तयार होतात. अक्षरं गळाली की निरोप अर्धवट पोचतो आणि कुत्रा भुकेलाच राहतो. पुढे त्यांनी आंधळ्या-अपंग माणसांच्या मदतीसाठी तयार केलेले लॅब्राडोर तपासले, तर त्यांच्यात हीच अक्षरं गळालेले कुत्रे शंभरात शहात्तर! कुणी जनुक बघून ते निवडले नव्हते, पिढ्यान्‌पिढ्या जे लवकर शिकतात तेच निवडले होते, आणि लवकर शिकणारे कोण, तर बहुधा एका घासासाठी दहादा तीच गोष्ट आनंदानं करणारे. २०२४ साली कळलं की असे कुत्रे निवांत पडले असताना ऊर्जाही चौथ्या हिश्शानं कमी जाळतात. भूक जास्त आणि खर्च कमी. म्हणून आमच्याकडे शिकवणीचे तुकडे भुरीच्या रोजच्या जेवणातूनच काढतात, वरून नाही. उकडलेल्या कोंबडीचा तुरीच्या दाण्याएवढा तुकडा तिला पुरतो. तिला आकाराचं सोयरसुतक नाही, मिळालं की झालं. मात्र तो वेळेवर मिळायला हवा. काम नीट झालं त्याच क्षणी मी जिभेनं टक् असा आवाज करतो आणि मग घास देतो. त्या टक् मुळे तिला कळतं की घास नेमका कशाबद्दल आला.

आता या खेळाची गोष्ट. तेव्हा लंडनला क्रफ्ट्स नावाचं कुत्र्यांचं मोठं प्रदर्शन भरायचं. १९७८ साली तिथल्या मुख्य रिंगणात दोन कार्यक्रमांच्या मधे मोकळा वेळ पडत होता आणि प्रेक्षक कंटाळू नयेत म्हणून काहीतरी करून दाखवायचं होतं. जॉन व्हार्ली नावाचे समितीतले गृहस्थ घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यती जाणणारे. त्यांनी पीटर मीनवेल या कुत्रे शिकवणाऱ्याला हाताशी धरलं आणि घोड्यांच्या जागी कुत्रे उड्या मारायला लावले. लोकांना ते एवढं आवडलं की मधला वेळ भरायला आणलेली ती करमणूक जगभर जाऊन स्वतंत्र खेळ झाली. त्याला ॲजिलिटी म्हणतात. उड्या, बोगदा, चढउताराची फळी, सी-सॉ आणि रांगेत रोवलेल्या काठ्या, हे सगळं ठरल्या क्रमानं, चूक न करता, लवकरात लवकर पार करायचं, आणि माणसानं बाजूनं पळत फक्त वाट दाखवायची, हात लावायचा नाही.

आम्हाला लंडन कुठलं! कापणी झाली की बांधालगतचं एक खाचर वालाला न देता भुरीला ठेवायचं. भाताची धसकटं आधी खुरपून काढायची, नाहीतर पंजे फाटतात. कामट्यांच्या कमानींवर ताडपत्री टाकली की बोगदा झाला. उडीची आडवी काठी खाचेत नुसती टेकवायची, बांधायची नाही, पाय लागला तर ती पडावी, कुत्रा पडू नये. सी-सॉची फळी चढायला कुत्रा भीत नाही, तो भितो ती पलीकडचं टोक जमिनीवर आपटल्याच्या आवाजाला. म्हणून टोकाखाली पेंढ्याच्या पेंड्या ठेवायच्या आणि रोज थोडा थोडा पेंढा कमी करत जायचं. आवाज हळूहळू वाढतो आणि भीतीला कधी जागाच मिळत नाही.

सगळ्यात नवलाचा अडथळा त्या काठ्यांचा. साठ-साठ सेंटिमीटरवर बारा काठ्या, त्यांतून कुत्र्यानं नागमोडी निघायचं, तेही पहिली काठी नेहमी डाव्या खांद्याकडे ठेवून आत शिरून. तुम्ही शाळेत खो-खो खेळला असाल तर पळणारा गडी बसलेल्या गड्यांच्या मधून एकेरी साखळी कशी घालतो ते आठवा, हुबेहूब तसंच. जगातलं कुठलंच जनावर आपणहून असं धावत नाही, त्याला सरळ जायचं असतं. म्हणून आधी काठ्यांच्या दोन ओळी करून मधे गल्ली ठेवायची. भुरी त्या गल्लीतून सरळ पळायची. मग दोन्ही ओळी एकमेकींकडे बोटबोट सरकवत न्यायच्या, की एके दिवशी गल्ली उरतच नाही, आणि कुत्रा आपण वळतोय हे न कळताच वळायला लागलेला असतो. आता तुम्ही म्हणाल, एवढं जडशीळ जनावर एवढ्या जवळच्या काठ्यांतून खांदे कसे काढतं? तर कुत्र्याला आपल्यासारखं गळ्याखालचं हाड नसतं, असलीच तर एक बारीकशी खूण. त्याचे पुढचे पाय धडाला हाडानं जोडलेलेच नाहीत, ते नुसत्या स्नायूंनी अडकवलेले आहेत. म्हणून खांदे मागे-पुढे, आत-बाहेर सरकतात. भुरी काठ्यांतून निघाली की जवळ गुडघ्यावर बसून बघा, खांद्याची फरी कातडीखालून मणक्याच्या वरपर्यंत येते आणि पुन्हा खाली जाते.

आणि एक ध्यानात ठेवा, पळताना कुत्रा तुमचं बोलणं फारसं ऐकत नाही. तो तुमचे पाय आणि खांदे वाचतो. तोंडानं ‘बोगदा’ म्हणालात आणि पाऊल उडीकडे वळलेलं असेल, तर तो उडीकडेच जाणार, आणि त्यात त्याचं काही चुकलेलं नसतं. आमची नात त्याच्याच जोरावर भुरीकडून माझ्यापेक्षा चांगलं काम करून घेते. पोरीला शब्द सुचायच्या आधी तिचे पाय निघालेले असतात.

पण पिल्लाला उड्या मारायला लावू नका हो. इंग्लंडात दीड वर्षाच्या आत कुत्र्याला या स्पर्धेत उतरताच येत नाही, आणि तो नियम शहाणपणाचा आहे. वाढत्या हाडांची टोकं तोवर कच्ची असतात, आणि लॅब्राडोरच्या खुब्याचा सांधा मुळातच नाजूक. पिल्लू घेताना त्याच्या आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे मागा. विकणारा तोंड वाकडं करेल, करू दे. आणखी एक दुखणं याच जातीत जास्त दिसतं. चांगला धडधाकट कुत्रा पाच-दहा मिनिटं बेभान पळतो आणि मागचे पाय लुळे पडतात. डीएनएम१ नावाच्या जनुकातला तो दोष २००८ साली सापडला, आणि आता तपासणीत कळतो. भुरीची तपासणी आम्ही आधी करून घेतली आणि मगच पहिली काठी रोवली.

त्यात आपल्याकडची हवा. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांच्या तळव्यांना तेवढा, बाकी सगळी उष्णता त्याला जीभ काढून, धापा टाकून बाहेर काढावी लागते. जिभेवरचं पाणी सुकलं तर अंग थंड होणार ना? आणि खारेपाटावर मे महिन्यात सावलीतलं धोतर लवकर सुकत नाही, तिथे जीभ काय सुकणार! त्यामुळे फाल्गुनानंतर आमचं खाचर बंद, सराव फक्त दिवस उगवायच्या आत, आणि तोही घासभर. त्या दिवसांत आम्ही भुरीला रोह्याला पाहुण्यांकडे नेतो, कुंडलिकेवर. उन्हाळ्यातही तिथे पाणी वाहतं, कारण वर भिऱ्याच्या वीजघरातून ते सुटतं. पाणी सुटायच्या वेळा गावकऱ्यांना विचारूनच आम्ही उथळ काठाला उतरतो. पाण्यात ही भुरी वेगळीच होते. पायाच्या बोटांमधे पडदे, बुंध्याशी जाड शेपूट सुकाणूसारखी फिरते, आणि आतल्या दाट लोकरीमुळे कातडीपर्यंत पाणी सहसा पोचत नाही. हे सगळं तिला कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरून मिळालंय. तिथले कोळी आपल्या धरमतरच्या खाडीतल्या कोळ्यांसारखेच पहाटे होड्या घालायचे, फक्त पाणी बर्फाचं, आणि गळावरून निसटलेला मासा किंवा सुटलेला दोर आणायला त्यांचे कुत्रे त्या पाण्यात उड्या घ्यायचे. मासा दातानं चिरडायचा नाही, ही सवय तिथली. तिथला मूळ कुत्रा पुढे १९८०च्या दशकात नामशेष झाला, पण त्याचे जे वंशज इंग्लंडात गेले होते त्यांचेच हे लॅब्राडोर, १९०३ साली तिथल्या केनेल क्लबनं मान्य केलेले. भुरीच्या तोंडात कोंबडीचं अंडं द्या, ओटीवरून परसात नेऊन ठेवेल, तडा जायचा नाही.

आणि पावसाळ्यात? खाचरात लावणी, अंगणात चिखल, कुत्र्याला गोचीड, लेप्टोची भीती (त्याची लस दरवर्षी टोचून घ्यायची बरं का). तेव्हा नाकाचा खेळ. हाही जगभर स्पर्धेत खेळतात, आणि त्यात कुत्र्याला शोधायला देतात त्या वासांत चक्क लवंगही असते! मसाल्याच्या डब्यातली एक लवंग कापडाच्या चिंधीत बांधायची, चिंधी भोकाच्या डबीत, डबी घरात कुठेतरी. सापडली की टक्, आणि घास.

हे नाक कसं चालतं तेही ऐका. आपण श्वास सोडला की आत आलेला वास त्याच वाटेनं बाहेर ढकलला जातो. कुत्र्याच्या नाकपुडीला बाजूला चीर असते. तो श्वास त्या चिरेतून मागे, बाजूला सोडतो, त्यामुळे समोरचा वास विस्कटत नाही, उलट नवा वास पुढे ओढला जातो. हुंगताना हे सेकंदाला पाचेकदा चालतं. आत गेलेल्या हवेचा थोडा वाटा नाकाच्या मागच्या-वरच्या कोनाड्यात जाऊन थबकतो, आणि तिथे वास ओळखणाऱ्या कोट्यवधी पेशी बसलेल्या असतात, आपल्याहून कितीतरी पट. एक प्रयोग तर असा झाला की माणूस चालून गेला, कुत्र्याला मधेच त्याच्या वाटेवर आडवा आणला आणि विचारलं, माणूस कुठल्या दिशेला गेला? कुत्र्यानं पाच पावलं हुंगली आणि बरोबर दिशा धरली. म्हणजे पहिल्या आणि पाचव्या पावलात जे एक-दोन सेकंदांचं अंतर, तेवढ्यात एक वास दुसऱ्याहून शिळा झालेला त्याला कळला. बांधावरून चालताना मला हे आठवतं आणि मी उगाच मागे वळून आपल्याच पावलांकडे बघतो.

याच नाकानं आपल्या रायगडाचं एक काळं काम उघड केलं. रोह्याच्या दक्षिणेला, म्हसळ्याच्या पलीकडे शेखाडी आहे, श्रीवर्धन तालुक्यातलं किनाऱ्यावरचं गाव. १९९३च्या फेब्रुवारीत तिथे रात्री आरडीएक्स हे स्फोटक उतरवलं गेलं, आणि १२ मार्चला मुंबईत स्फोट होऊन २५७ माणसं गेली. नंतरच्या दिवसांत मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला जंजीर नावाचा पिवळा लॅब्राडोर गल्लीबोळ हुंगत फिरला. पोलिसांच्या नोंदीत त्याच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब आहेत. किती घरं त्यामुळे शाबूत राहिली असतील! आरडीएक्सची वाफ जवळजवळ उडतच नाही, तरी त्याला ते कळायचं, आणि कळलं की असा कुत्रा भुंकत नाही, उकरत नाही, जागच्या जागी शांत बसतो. शिकवण हीच असते. त्याला बॉम्ब म्हणजे काय ते ठाऊक नसतं. हा वास आला की खाली बसायचं, मग आपला माणूस खूश होतो, एवढं त्याला ठाऊक. माझ्या भुरीला लवंग आणि जंजीरला आरडीएक्स, खेळ एकच. १६ नोव्हेंबर २००० रोजी हाडांच्या कॅन्सरनं तो गेला आणि पोलिसांनी त्याला सन्मानानं पुरलं. ढिगाऱ्याखाली माणूस शोधणारे कुत्रे मात्र भुंकून सांगतात. २०२३च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हा आपल्या एनडीआरएफ या आपत्ती निवारण दलाची ज्युली, तीही लॅब्राडोरच, ढिगाऱ्यावर एका जागी भुंकायला लागली. मग रोमिओ नावाच्या दुसऱ्या कुत्र्याला आणलं, तोही तिथेच भुंकला. खाली सहा वर्षांची बेरेन जिवंत होती.

भुरीच्या उड्या आम्ही आता बंद केल्यात, कंबर आखडते तिची. काठ्या मात्र सावकाश चालतात, आणि नाकाला तर वय लागलेलंच नाही. लवंग लपवायचं काम नातीकडे आहे. परवा तिनं डबी भाताच्या कणगीमागे, सुक्या बोंबलांच्या टोपलीखाली ठेवली, मुद्दाम. बोंबलांपाशी भुरी थांबली, लाळ गळायला लागली, नात ओठ दाबून बघत राहिली, आणि मग भुरीनं टोपली नाकानं बाजूला सारली आणि डबीपाशी बसली.